कर्नलला झेपणारी क्रमवारी

लंडनजवळच्या पिनरपासून ईशान्येला, दहा मैलांच्या आत, बोरहॅमवुड नावाचं गाव आहे. लोक ते ओळखतात एल्स्ट्रीच्या फिल्म स्टुडिओंमुळे. पण १९६१ ते १९६४ या काळात तिथल्या एका कंपनीतल्या दोन नोकरदारांनी याद्या क्रमानं लावायच्या दोन पद्धती छापून जगापुढे ठेवल्या. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये कुठली पद्धत वापरावी, हा वाद निघाला की आजही तो या दोघींभोवतीच फिरतो. कंपनी एलियट ब्रदर्स. पद्धती क्विकसॉर्ट आणि हीपसॉर्ट. पहिलीचे जनक टोनी होअर, दुसरीचे जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स. दोघांच्याही मूळ लेखावर पत्ता बोरहॅमवुडचाच आहे.

पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत हा विषय दुसऱ्या वर्षाला येतो. लोकल ऑथरच्या पुस्तकातला तक्ता पाठ करायचा, बेस्ट केस, ॲव्हरेज केस, वर्स्ट केस, आणि ओरलला एक्स्टर्नलनं ‘सगळ्यांत फास्ट कोणता?’ असं विचारलं की ‘क्विकसॉर्ट, सर’ म्हणून मोकळं व्हायचं. उत्तर चूक नाही. मात्र कर्नलच्या कामात हेच उत्तर घेऊन कुणी पॅच पाठवला, तर तो बहुधा परत येतो. तिथे त्या तक्त्याचं वाचन उजवीकडून सुरू होतं: आधी वर्स्ट केस, मग मेमरी, आणि सरासरी वेग जमलाच तर शेवटी.

होअर यांचा जन्म कोलंबोचा, शिक्षण ऑक्सफर्डचं. नौदलातल्या सक्तीच्या सेवेत ते रशियन शिकले आणि त्या जोरावर मॉस्कोला गेले. तिथे रशियनचं इंग्रजी यंत्राकडून करून घ्यायच्या खटपटीत वाक्यातले शब्द वर्णानुक्रमे लावायची गरज पडली, कारण शब्दकोश टेपवर होता आणि टेप एकाच दिशेनं वाचली तर परवडते. त्यातून क्विकसॉर्टची कल्पना सुचली. १९६० साली ते एलियटमध्ये लागले. तिथे सुरुवातीलाच हातात आलेलं काम म्हणजे एलियट ८०३ या संगणकासाठी शेलसॉर्ट लिहिणं. डोनाल्ड शेल यांची ती पद्धत १९५९ची, म्हणजे तेव्हा अगदी ताजी. काम झाल्यावर होअर वरिष्ठांना म्हणाले की याहून वेगवान पद्धत माझ्याकडे आहे. सहा पेन्सची पैज लागली आणि होअर जिंकले. पण पद्धत सांगणं सोपं गेलं नाही. ती नीट मांडता आली ती १९६१ साली ब्रायटनच्या अल्गोल ६० या भाषेच्या शिकवणीनंतर. एखादी प्रक्रिया स्वतःलाच बोलावू शकते, म्हणजे रिकर्शन, हे त्यांना तिथे कळलं. त्याच जुलैत अमेरिकेतल्या संगणक संघटनेच्या मासिकात ‘अल्गोरिदम ६४’ या नावानं क्विकसॉर्ट छापून आला. पुढच्या वर्षीच्या सविस्तर लेखात नॅशनल-एलियट ४०५ या यंत्रावरचे आकडे आहेत: ५०० नोंदी लावायला मर्जसॉर्टला २ मिनिटं ८ सेकंद, क्विकसॉर्टला १ मिनिट २१ सेकंद. हजार नोंदींना ४ मिनिटं ४८ सेकंद आणि ३ मिनिटं ८ सेकंद. आज हसू येईल, पण दोन पद्धतींतलं गुणोत्तर बघा.

विल्यम्स यांचा हीपसॉर्ट १९६४च्या जूनमध्ये त्याच मासिकात ‘अल्गोरिदम २३२’ म्हणून आला. त्यांची युक्ती अशी की साध्या ओळीत मांडलेल्या नोंदींनाच झाड मानायचं: क्रमांक ‘क’ची मुलं दुप्पट ‘क’वर आणि त्याच्या पुढच्या घरात. बाप नेहमी मुलांपेक्षा मोठा ठेवायचा. मग सर्वांत मोठी नोंद आपोआप शेंड्यावर येते. ती उचलून शेवटच्या घरात टाकायची, शेवटची शेंड्यावर आणायची, तिला तिच्या जागी घरंगळू द्यायचं आणि हेच करत राहायचं. वेगळी जागा लागत नाही, रिकर्शन लागत नाही. त्याच डिसेंबरात रॉबर्ट फ्लॉइड यांनी सुरुवातीची रचना आणखी स्वस्तात करून दाखवली. हीपसॉर्टच्या नावावर पैजेची गोष्ट नाही, विल्यम्स यांची फारशी कुणाला माहितीही नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये मात्र गादीवर बसलाय तो हाच.

आता कर्नल म्हणजे काय आणि तिथे एवढं सोवळं का, ते बघू. ब्राउझर, एक्सेल, बँकेचं ॲप हे सगळे कर्नलचे भाडेकरू. भाडेकरू कोसळला तर त्याच्यापुरतं नुकसान; कर्नल कोसळला तर यंत्र बंद. लिनक्सवर साध्या प्रोग्रॅमला स्टॅकसाठी सहसा ८ मेगाबाइट मिळतात. कर्नलच्या आत, ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी यंत्रावर, एका कामाला १६ किलोबाइट, आणि २०१४ आधी तर ८च होते. तेवढ्यात फाइल सिस्टिम, ब्लॉक लेयर, ड्रायव्हर अशी एकाखाली एक फंक्शनं आधीच बसलेली असतात. वर मेमरी मागितली तर मिळेलच याची खात्री नाही. मेमरी संपत आली म्हणून चाललेल्या धावपळीतच सॉर्ट करायची पाळी येऊ शकते. कित्येकदा आपण लॉक धरून बसलेलो असतो, तिथे झोपायची, म्हणजे थांबून वाट बघायची, परवानगी नसते. आणि यादी कुठून आली? अनेकदा बाहेरून: एखाद्या फाइल सिस्टिमच्या प्रतिमेतून, एखाद्या पाकिटातून, ज्याच्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही अशा माणसाकडून.

हे सगळं एकत्र धरलं की क्विकसॉर्टचं काय दुखतं ते कळतं. रिकर्शनवरचा आक्षेप मला थोडा फुगवलेला वाटतो. दोन तुकड्यांतला लहान तुकडा आधी हाताळला आणि मोठा लूपमध्ये घेतला, तर खोली लॉगच्या पलीकडे जात नाही. लाख नोंदींना सतरा पायऱ्या पुरतात. खरं दुखणं वर्गाचं आहे, म्हणजे नोंदींच्या संख्येच्या वर्गानं वाढणाऱ्या वेळेचं. विभागणी वाईट पडत गेली तर लाख नोंदींसाठी तुलनांची संख्या पाचशे कोटींच्या घरात जाते, जिथे नीट चाललं असतं तर वीस लाखांच्या आसपास भागलं असतं. ‘असं कधी होतंय!’ म्हणणाऱ्यांसाठी डग्लस मॅकिलरॉय यांनी १९९९ साली एक छोटा, खट्याळ प्रोग्रॅम लिहून ठेवला. तो तुलना करणारं फंक्शन बनून क्विकसॉर्टच्या पोटात शिरतो आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला असं उत्तर देतो की शेवटी वर्गाचा वेळ लागलाच पाहिजे. गंमत म्हणजे हेच मॅकिलरॉय आणि जॉन बेंटली यांनी १९९३ साली सुधारून दिलेला क्विकसॉर्ट अनेक युनिक्स प्रणालींनी स्वीकारला होता. आपण बांधलेल्या कुलपाची किल्ली स्वतःच करून दाखवणारे असे लोक विरळा. फ्रीबीएसडीच्या कर्नलमधला क्विकसॉर्ट याच घराण्यातला आहे.

लिनक्समध्ये मॅट मॅकॉल यांनी २००५च्या जानेवारीत सामाईक सॉर्ट लिहिला, तेव्हा त्यांनी सरळ हीपसॉर्ट निवडला आणि कारण कोडच्या माथ्यावर नोंदवून ठेवलं: क्विकसॉर्ट सरासरीत थोडा पुढे असेल, पण त्याची वाईट स्थिती कुणी मुद्दाम ओढवून आणू शकतो आणि त्याला जादा मेमरी लागते. एवढ्या दोन ओळींचं हे स्पष्टीकरण मला आदर्श वाटतं. रिव्ह्यू करणाऱ्याला पुढे कुणीतरी ‘हे क्विकसॉर्ट का नाही?’ विचारणारच असतं. उत्तर आधीच तिथे लिहिलेलं असलं की दर दोन वर्षांनी तोच वाद नव्यानं घालावा लागत नाही.

मग मधला मार्ग का नाही? आहे की. डेव्हिड मसर यांनी १९९७ साली इंट्रोसॉर्ट मांडला: सुरुवात क्विकसॉर्टनं, खोली हाताबाहेर जाऊ लागली की हीपसॉर्ट, आणि तुकडे बारीक झाले की इन्सर्शन सॉर्ट. म्हणजे बोरहॅमवुडच्या दोन्ही पद्धती एकाच घरात नांदवल्या. वापरकर्त्यांच्या प्रोग्रॅमांसाठी ही उत्तम सोय आहे. सी प्लस प्लसच्या लायब्ऱ्या हेच करतात. कर्नलमध्ये मात्र मला पिनरच्या पार्कातलं हीथ रॉबिन्सन म्युझियम आठवतं. हे व्यंगचित्रकार काही वर्षं पिनरला राहत होते, आणि अंड्याचं टोक फोडायला दोऱ्या, कप्प्या, मेणबत्त्यांचं यंत्र काढणं ही त्यांची खासियत. ब्लेचली पार्कच्या लोकांनी १९४३ साली जर्मन संदेश फोडायला केलेल्या एका यंत्रालाही त्यांचंच नाव पडलं होतं. तीन पद्धती, दोन उंबरठे आणि त्यांच्यातले सांधे हे सगळं वाचायचं, तपासायचं, पंधरा वर्षं सांभाळायचं. आणि मिळवायचं काय, तर वर्षाकाठी चारदा चालणाऱ्या एखाद्या यादीत काही मायक्रोसेकंद.

अर्थात हीपसॉर्टलाही नावं ठेवायला जागा आहे. तो बरोबरीच्या नोंदींचा मूळ क्रम राखत नाही. मेमरीत तो उड्या मारत जातो, त्यामुळे यादी कॅशपेक्षा मोठी झाली की प्रोसेसर ताटकळतो. आणि साध्या रूपात त्याला तुलना फार लागतात: घरंगळणाऱ्या नोंदीसाठी प्रत्येक पायरीवर दोन, एक दोन्ही मुलांत मोठं कोण ते बघायला आणि दुसरी त्या मोठ्याशी आपली.

हा शेवटचा दोष २०१९ साली दूर झाला. त्यासाठीचे पॅच ज्या नावानं आले ते जॉर्ज स्पेल्विन. अमेरिकन रंगभूमीवर नटाला आपलं नाव जाहिरातीत नको असेल तर हे नाव टाकायची जुनी प्रथा आहे, तेव्हा मंडळी समजून गेली. त्यांनी वापरलेली युक्ती इंगो वेगेनर यांनी १९९३च्या लेखात तपशिलात मांडलेली. शेंड्यावर आणलेली नोंद मुळात तळातून उचललेली असते. ती बहुतेक वेळा तळाशीच परत जाणार. मग दर पायरीला तिची परीक्षा घेत का बसायचं? फक्त मोठ्या मुलाचा माग काढत थेट तळ गाठायचा आणि तिथून, गरज पडली तर, एखाद-दोन पायऱ्या वर चढायचं. एका पायरीला दोनाऐवजी एकच तुलना. एन नोंदींसाठी तुलनांचा सरासरी हिशेब आता एन लॉग एन अधिक ०.३७ एन असा पडतो. जीलिबसी या सी भाषेच्या लायब्ररीतली तयार पद्धत एन लॉग एन उणे १.२६ एनमध्ये काम भागवते. लाख नोंदी धरा: इकडे जवळपास १७ लाख तुलना, तिकडे साधारण १५ लाख ३५ हजार. म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास फरक. त्या बदल्यात जादा मेमरी नाही, वर्गाची धास्ती नाही. कर्नलच्या बाजारात हा सौदा स्वस्तच म्हणायचा.

नेमक्या त्याच वेळी तुलना मोजायची गरज का वाटली, यालाही कारण आहे. जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर नावाचा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला. त्यावरच्या उपायांमुळे फंक्शनचा पत्ता चलात ठेवून त्यावरून हाक मारणं एकदम महाग झालं. सामाईक सॉर्टचा तर सगळा डोलारा अशा हाकांवर: तुलना करणारं फंक्शन बाहेरून येतं, अदलाबदल करणारंही बाहेरून येतं. मग नव्या कोडमध्ये नेहमीच्या अदलाबदलीसाठी खऱ्या पत्त्याऐवजी शून्य, एक, दोन अशा खुणेच्या किमती ठेवल्या; खूण ओळखली की बाहेर हाक मारायचीच नाही, जागच्या जागी काम उरकायचं. अल्गोरिदमच्या पुस्तकात तुलनेचा दर नेहमी ‘एक’ धरलेला असतो. इथे तो दर प्रोसेसरमधल्या एका दोषानं रातोरात वाढला आणि जुना हिशेब नव्यानं मांडावा लागला.

आतापर्यंत बोललो ते सलग ओळीतल्या नोंदींबद्दल. कर्नलमध्ये मात्र निम्मा संसार लिंक्ड लिस्टचा. तिथे मर्जसॉर्टला तोड नाही, कारण ओळीवर त्याला जी जादा जागा लागते ती इथे लागतच नाही. कड्या सोडवायच्या आणि नव्या क्रमानं ओवायच्या. शिवाय बरोबरीच्या नोंदींचा मूळ क्रम राहतो. लिनक्समध्ये हे कोड ग्राफिक्सच्या भागात एक आणि यूबीआयएफएस या फाइल सिस्टिममध्ये एक, असं दोन ठिकाणी होतं. २०१०मध्ये एक्सएफएसलाही गरज पडली, तेव्हा डेव्ह चिनर यांनी तिसरी नक्कल करण्याऐवजी सामाईक फंक्शन काढलं. एक्सएफएस डिस्कवर लिहायचे बफर पत्त्याच्या क्रमानं लावून पाठवते, त्यासाठी ते लागतं. या फंक्शनलाही २०१९च्या त्याच पॅचमालिकेत नवी मांडणी मिळाली: लहान तुकडे कॅशमध्ये असतानाच जोडून टाकायचे, आणि जोडले जाणारे दोन तुकडे एकमेकांच्या दुपटीपेक्षा विषम होऊ द्यायचे नाहीत.

निवड पुस्तकातल्या तक्त्यावरून का ठरत नाही, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण एक्सेप्शन टेबलचं. कर्नल वापरकर्त्याच्या मेमरीला हात लावतो तेव्हा ती जागा नसण्याची शक्यता असते. अशा प्रत्येक सूचनेचा पत्ता आणि ‘इथे गडबड झाली तर तिथे जा’ हा दुसरा पत्ता, अशा जोड्यांची ही यादी. गडबड झाली की त्यात बायनरी सर्च होतो, म्हणून ती क्रमानं लावलेली हवी. जागा वाचवायला २०१२ साली इंटेल-एएमडी यंत्रांवर या जोड्यांत पूर्ण पत्त्यांऐवजी अंतरं ठेवायला सुरुवात झाली: ‘मी जिथे उभा आहे तिथून इतके बाइट पुढे किंवा मागे’. आता पंचाईत बघा. नोंद जागेवरून हलली की तिचा अर्थच बदलतो! म्हणून अदलाबदल करणारं खास फंक्शन लिहावं लागलं. ते दोन नोंदी बदलताना दोन जागांमधलं अंतर काढतं आणि एकीत ते मिळवतं, दुसरीतून वजा करतं. हीपसॉर्ट फक्त अदलाबदलीवर चालतो, म्हणून हे निभावलं. नोंदी तात्पुरत्या दुसरीकडे उतरवून ठेवणारी पद्धत असती, तर त्या उतरवलेल्या नोंदींचे पत्ते भलतीकडेच दाखवू लागले असते.

त्याच २०१२ सालात आणखी एक शहाणपण सुचलं: मुख्य कर्नलची ही यादी यंत्र सुरू होताना दर वेळी का लावायची? कर्नल बांधतानाच एकदा लावून ठेवली की झालं. तेव्हापासून ती तशीच येते. मागाहून जोडल्या जाणाऱ्या मॉड्यूलांपुरती लावणी तेवढी यंत्रावर होते. पॅच वाचताना मी सर्वांत आधी हेच विचारतो: ही क्रमवारी इथे, या क्षणी लावायची गरज आहे का? कित्येकदा उत्तर नाही असंच येतं. यादीत सतत भर पडत असेल आणि सतत सर्वांत लहान नोंदच हवी असेल, तर सॉर्ट हे हत्यारच चुकीचं. लिनक्सचा शेड्यूलर २००७पासून चालू कामं रेड-ब्लॅक ट्रीमध्ये ठेवतो. तिथे क्रम कधी ‘लावला’ जात नाही, तो मोडूच दिला जात नाही.

याच्या उलट बाजूची गोष्ट फ्रीबीएसडीची. तिथे यंत्र सुरू होताना कर्नलचे निरनिराळे भाग कुठल्या क्रमानं जागे करायचे याची यादी असते. ही व्यवस्था १९९० च्या दशकातली, आणि यादी लावायला वापरलेला होता बबल सॉर्ट. हो, तोच, दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलचा. तेव्हा यादी छोटी, यंत्र सुरू व्हायला लागायची मिनिटं. कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. २०२३ साली कॉलिन पर्सिव्हल हे फ्रीबीएसडी फायरक्रॅकर या अगदी हलक्या आभासी यंत्रात चालवत होते. तिथे कर्नल सुरू व्हायला काही मिलिसेकंदच लागतात, आणि त्यांना दिसलं की त्यातला ७ टक्के वेळ बबल सॉर्ट खातोय, कारण यादी आता हजाराच्या वर गेलीय. त्यांनी तिथे मर्जसॉर्ट बसवला. या बातमीवर पुष्कळांनी दात काढले, ते मला पटलं नाही. मूळ लिहिणाऱ्यानं गैर काही केलं नव्हतं. दहा ओळींचं, मेमरी न मागणारं कोड त्यानं अशा जागी टाकलं होतं जिथे मेमरी देणारं खातंच अजून उघडलेलं नसतं. दोष असलाच तर एवढाच, की यादी किती वाढेल याचा अंदाज कुठे लिहून ठेवलेला नव्हता. सॉर्टचा पॅच आला की ‘एन जास्तीत जास्त किती?’ हा प्रश्न विचारून उत्तर कोडशेजारी लिहायला लावणं, हे रिव्ह्यू करणाऱ्याचं कामच आहे.

एन लहान आहे आणि लहानच राहणार आहे हे ठरलं, की साधेपणाला भाव येतो. इथून एका फसलेल्या प्रकरणाकडे वळतो, कारण त्यात अल्गोरिदम निर्दोष होता. प्रोसेसरला काम नसलं की तो झोपतो. झोपेचे स्तर वेगवेगळे आणि जागं व्हायला लागणारा वेळही वेगळा. फर्मवेअर या स्तरांची यादी देतं. कधी ती उलटसुलट येते, म्हणून २०२१ साली लिनक्समध्ये ती सामाईक सॉर्टनं लावायला सुरुवात झाली. यादीत काही नोंदी बाद असतात. तुलना करणाऱ्या फंक्शननं ठरवलं की दोहोंतली एक जरी बाद असली तरी दोन्ही बरोबरीच्या. ऐकायला सोज्ज्वळ वाटतं. पण समजा ‘अ’ला १ लागतो, ‘ब’ला १०० आणि ‘क’ बाद आहे. फंक्शन म्हणतं अ हा ब पेक्षा लहान, अ बरोबर क, आणि ब बरोबर क. तिघांना मिळून एकही सुसंगत क्रम नाही. हीपसॉर्टनं ब आणि क यांची गाठ आधी घालून दिली आणि अ-ब समोरासमोर आलेच नाहीत, तर निकाल चुकणार, आणि बाहेरून कुणाला कळणारही नाही. २०२४मध्ये हे उघडकीस आलं. यादी आठ नोंदींपेक्षा मोठी नसतेच. म्हणून तिथून सामाईक सॉर्ट काढून साधा इन्सर्शन सॉर्ट लिहिला, जो बाद नोंदी ओलांडून जातो आणि उरलेल्यांना क्रमानं लावतो.

क्रमवारीच्या कोडमधले बहुतेक दोष अल्गोरिदममध्ये नसून तुलनेत असतात, हे मी अनुभवानं म्हणतो. सर्वांत नेहमीचा नमुना म्हणजे ‘अ वजा ब’ हाच निकाल म्हणून परत करणं. सुटसुटीत दिसतं, परीक्षेत मार्कही मिळतात. आता अ घ्या दोनशे कोटी आणि ब घ्या उणे दोनशे कोटी. वजाबाकी चारशे कोटी. ती बत्तीस बिटांच्या चिन्हांकित संख्येत मावत नाही आणि गुंडाळून उणे एकोणतीस कोटींच्या पलीकडची संख्या हाती येते. म्हणजे मोठा तो लहान ठरला. अशा फंक्शनचा उपद्रव नुसत्या चुकलेल्या क्रमावर थांबेलच असंही नाही. जानेवारी २०२४मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की जीलिबसीतल्या सॉर्टला असं विसंगत फंक्शन दिलं आणि मेमरी अपुरी पडली, तर तो यादीच्या हद्दीबाहेर लिहू शकतो. हे कोड १९९२पासूनचं. कर्नलशी याचा थेट संबंध नाही, पण वाचणाऱ्यानं घाबरावं इतका नक्की आहे.

त्याच जीलिबसीत तेव्हा आणखी एक नाट्य घडत होतं. २०२३च्या ऑक्टोबरअखेर त्यांनी मर्जसॉर्ट काढून इंट्रोसॉर्ट आणला. मेमरी मागायची नाही, वर्गाची भीती नाही, सगळं शास्त्रशुद्ध. पण लोकांचे प्रोग्रॅम बिघडू लागले. बरोबरीच्या नोंदींचा क्रम राहील असं वचन त्या फंक्शननं कधीच दिलं नव्हतं, तरी इतकी वर्षं तो राहत होता म्हणून लोकांनी ते गृहीत धरलं होतं. जानेवारी २०२४मध्ये मर्जसॉर्ट परत आला. लिनक्सच्या सामाईक सॉर्टनं पहिल्यापासून बरोबरीच्यांचा क्रम मोडला, आणि ते एका अर्थी बरंच झालं. ज्याला क्रम राखायचाय तो लिंक्ड लिस्टवाल्या फंक्शनकडे जातो, किंवा तुलनेत मूळ क्रमांक दुसरी किल्ली म्हणून घालतो.

नवी पिढी काय आणतेय? टिमसॉर्ट, २००२ साली टिम पीटर्स यांनी पायथॉनसाठी लिहिलेला, अर्धवट लावलेल्या याद्यांवर झकास चालतो, पण निम्म्या यादीएवढी जागा मागू शकतो. कर्नलच्या दारात तिथेच अडतो. शिवाय २०१५मध्ये त्याच्या जावातल्या अवतारात एक सूक्ष्म दोष सापडला, तो चाचण्यांनी नव्हे तर कोड गणितानं सिद्ध करायच्या प्रयत्नात. सिद्धता मिळेना, म्हणून खोलात गेले तर दोष हाती लागला. एवढं गुंतागुंतीचं कोड इतकी वर्षं हजारो डोळ्यांखालून जाऊनही हे घडतं, हे माझ्या हीथ रॉबिन्सन-भीतीला खतपाणी घालणारंच आहे.

खरा नवा प्रश्न रस्टनं आणलाय. डिसेंबर २०२२च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्समध्ये ही भाषा आली, आणि तिच्या मूळ लायब्ररीत जागच्या जागी लावणारी, वाईट स्थितीतही एन लॉग एनमध्ये राहणारी उत्तम पद्धत तयार मिळते. सी-मधल्या सामाईक फंक्शनसारखी पत्त्यावरून हाक नाही. प्रत्येक प्रकारच्या नोंदीसाठी कंपायलर वेगळं, तिथेच विरघळलेलं कोड काढतो. वेगाच्या बाबतीत हरकत घेण्यासारखं काही नाही. पण सप्टेंबर २०२४च्या १.८१ आवृत्तीपासून रस्टनं एक मुभा स्पष्ट लिहून ठेवली: तुलना विसंगत आढळली, तर सॉर्ट पॅनिक करू शकतो. साध्या प्रोग्रॅमसाठी हे धोरण मला पूर्ण मान्य आहे. चुकलेला क्रम गुपचूप पुढे सरकण्यापेक्षा तिथेच थांबलेलं बरं. कर्नलमध्ये मात्र पॅनिक म्हणजे यंत्र बंद पडायची भीती. झोपेच्या स्तरांच्या त्या यादीचं प्रकरण रस्टमध्ये घडलं असतं, तर फर्मवेअरनं एक बाद नोंद दिल्याच्या पायी एखाद्याचा लॅपटॉप कदाचित सुरूच झाला नसता. सी-मध्ये फार तर बॅटरी थोडी लवकर उतरली असती. म्हणून सध्या तरी माझं मत असं, की कर्नलमधल्या रस्ट कोडला बाहेरच्या डेटावर सॉर्ट लावायचा असेल, तर तुलना पूर्णांकावर करावी, भाषेनं आधीच दिलेल्या क्रमानं, आणि बाद नोंदी सॉर्टपूर्वीच गाळून टाकाव्यात. स्वतःची तुलना लिहायचीच झाली, तर तिच्यासाठी तीन-तीन नोंदींची सगळी त्रिकुटं तपासणारी चाचणी सोबत जोडल्याशिवाय तो पॅच पुढे जाऊ देऊ नये. आठ नोंदींच्या यादीत अशी त्रिकुटं छप्पन्नच निघतात.